उथळ पाण्याची अमानत



लोणी भापकरच्या जिरायती पट्ट्यातील माणसाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात ते लहानपणीच कळते. मात्र सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह भिगवणजवळ उजनीच्या काठी गेल्यावर तेच भान आपल्यासोबत असते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

सहलीला जाणे दीनच्या विरुद्ध नाही. घरच्यांत रमल्यावर मनाची पूर्वीची अवस्था राहत नाही, म्हणून हजरत हन्जला (रजि.) व्याकूळ झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की, एक वेळ त्यासाठी असते आणि एक वेळ यासाठी. विरंगुळ्याला परवानगी आहे. दुसऱ्याचा हक्क मारण्याला नाही.

आता या पाण्यावर कोणाकोणाचा हक्क आहे ते पाहा. भीमा नदीवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या काठाने दूरवर पसरला आणि त्याखाली अनेकांची घरे व सुपीक जमिनी गेल्या. त्यांच्या त्यागावर आपली नाव तरंगते. याच पाण्यावर मच्छीमारांची चूल पेटते. पाणी ओसरू लागले की उथळ भागात रोहित पक्षी येतात आणि चोच उलटी धरून चिखलपाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातात. प्राणी आणि पक्षी हे आपल्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआन सांगतो (सूरह अल-अनआम, 38). सर्व माणसे पाण्यात भागीदार आहेत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. भागीदाराला वापराचा हक्क असतो, नासाडीचा नव्हे.

वाहत्या पाण्याने घाण पुढे जाते; साचलेले पाणी ती जपून ठेवते. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, तसेच पाणवठा, रस्ता आणि सावलीची जागा घाण करणे हे शापास कारण ठरते, अशी ताकीद दिली. काठावर टाकलेली प्लास्टिकची पिशवी याच ताकिदीच्या कक्षेत येते.

पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनीत येते, ही तक्रार खरी आहे. पण वरच्याच्या अपराधाने आपला अपराध माफ होत नाही. सहीह बुखारीतील जहाजाचा दृष्टान्त आठवा. खालच्या मजल्यावरील लोक पाण्यासाठी आपल्याच भागात भोक पाडू लागतात. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सारे वाचतात, गप्प राहिले तर सारेच बुडतात. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता आणि पाहणाऱ्यांनी काहीच केले नव्हते, तरी शेवट एकच.

म्हणून नावाड्याला जादा पैसे देऊन थव्यामागे नाव पळवायला लावू नका. अन्न बेताने न्या, कचरा घरी परत आणा. शेजारचे कुटुंब काठावर पत्रावळी टाकत असेल, तर सौम्य शब्दांत सांगा आणि आधी स्वतः वाकून एक उचला. मुले उपदेशापेक्षा ते वाकणे लक्षात ठेवतील.

अल्लाह तआला आपल्याला या अमानतीचे रक्षण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.