रक्कम म्हणजे नुसता आकडा नव्हे

चि. सोनूस,


बँकांच्या पेमेंट प्रणालीवर तुला काम मिळालं, याचा घरात सगळ्यांना आनंद झाला. आयएसओ २००२२ च्या संदेशांची स्कीमा फाइल हातात आली आहे आणि सिंपल टाइप कुठे, कॉम्प्लेक्स टाइप कुठे, हे सगळं पाठ करून टाकणार आहेस, असं ताई सांगत होती. पाठ करू नकोस. त्या फाइलमधला प्रत्येक निर्णय कुणीतरी विचार करून घेतलेला आहे. तो का घेतला, एवढं कळलं की नियम आपोआप लक्षात राहतात.

१९९८ मध्ये एक्सएमएल १.० आलं, तेव्हा दस्तऐवजाची रचना सांगायला डीटीडी होती. ‘व्यवहार’ या टॅगच्या आत ‘रक्कम’ हा टॅग हवा, इतकं तिच्यात लिहिता येई. पण त्या रकमेत आकडाच हवा, हे लिहिता येत नसे. कुणी ‘पाचशे’ असं अक्षरी भरलं तरी दस्तऐवज वैधच ठरायचा. ही उणीव डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेच्या एक्सएमएल स्कीमाने भरून काढली. २ मे २००१ रोजी तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला आणि तिचा एक अख्खा भाग केवळ डेटाटाइपसाठी आहे. स्ट्रिंग, डेसिमल, बूलियन, डेट असे १९ मूळ प्रकार त्यात आहेत. इंटिजरसारखे बाकीचे त्यांच्यापासून बनवलेले.

सिंपल टाइप म्हणजे फक्त मजकूर. त्याच्या आत दुसरा टॅग नाही आणि त्याला अ‍ॅट्रिब्यूटही नाही. या दोहोंपैकी काहीही आलं की एलिमेंट कॉम्प्लेक्स टाइपचं होतं. नवशिक्यांना वाटतं, ज्यात बरंच काही भरलेलं असतं ते कॉम्प्लेक्स. तसं नाही. आत एक अक्षरही नसलेला, पण एक अ‍ॅट्रिब्यूट बाळगणारा रिकामा टॅगसुद्धा कॉम्प्लेक्स टाइपचाच असतो.

आता तुझ्याच फाइलमधली रक्कम बघ. ५०००० हा आकडा एकटा आला तर बँकेने काय समजायचं? रुपये, डॉलर की येन? म्हणून आयएसओ २००२२ मध्ये रक्कम दोन पायऱ्यांनी बांधली आहे. आधी डेसिमलवर बंधनं घालून एक सिंपल टाइप केला: शून्यापेक्षा कमी नको, एकूण अंक जास्तीत जास्त १८, दशांश चिन्हापुढे जास्तीत जास्त ५. मग त्याला चलनाचं अ‍ॅट्रिब्यूट जोडलं. ते तीन मोठ्या रोमन अक्षरांचंच असायला हवं आणि ते वगळता येत नाही. अ‍ॅट्रिब्यूट लागताच प्रकार कॉम्प्लेक्स झाला, पण आतला मजकूर मात्र निव्वळ आकडाच राहिला. सिंपल कंटेंट असलेला कॉम्प्लेक्स टाइप म्हणतात तो हाच, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एवढा एक नमुना नीट समजला तरी अर्धी स्कीमा समजली.

मूळ प्रकार फ्लोट न घेता डेसिमल घेतला, यालाही कारण आहे. फ्लोट आकडे द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका मांडता येत नाही. पैशांच्या हिशोबात अशी तफावत चालत नाही.

अंक दिसले की लगेच इंटिजर लावायचा मोह होतो, तो टाळ. खाते क्रमांक ००१२ ने सुरू होत असेल तर इंटिजर सुरुवातीच्या शून्यांना किंमत देत नाही आणि खातंच बदलतं. ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते त्यांना स्ट्रिंग ठेवावं आणि पॅटर्नने शिस्त लावावी. आपला आयएफएससी ११ अक्षरांचा: पहिली चार रोमन अक्षरं, पाचवं शून्य, पुढे सहा अक्षरं वा अंक. हे सगळं एका पॅटर्नमध्ये बसतं. पिनकोड सहा अंकी आणि पहिला अंक शून्य नसलेला, तेही तसंच. पण हाच पिनकोडचा नियम जगभरच्या पत्त्यांना लावला तर ब्रिटनचा ग्राहक अडकेल, कारण तिथल्या पोस्टकोडमध्ये अक्षरं असतात. म्हणून आयएसओ २००२२ मध्ये ती जागा १६ अक्षरांपर्यंतच्या साध्या मजकुराची आहे. बंधन जितकं कडक तितकं चांगलं, हा समज चुकीचा आहे.

स्ट्रिंगची एक खोड मात्र ध्यानात ठेव. टॅग रिकामा असला तरी स्ट्रिंगला तो चालतो. डेसिमलला चालत नाही. म्हणून आयएसओ २००२२ मधल्या ३५ अक्षरांच्या नेहमीच्या मजकूर-प्रकारावर कमाल लांबीबरोबर किमान लांबी १ अशीही अट आहे.

खात्याचा टॅग तर भारतीय माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. तिथे ‘चॉइस’ आहे: आयबॅन हा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक तरी द्या, नाहीतर ‘इतर’ या टॅगखाली क्रमांक द्या. भारतात आयबॅन वापरत नाहीत, त्यामुळे आपली खाती दुसऱ्या वाटेने जातात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू केलेली नवी आरटीजीएस प्रणाली आयएसओ २००२२ वरच उभी आहे, तेव्हा हे ज्ञान तुला परदेशी व्यवहारांपुरतं लागणार नाही.

स्कीमावर भार किती टाकायचा, हेही ठरवायला शीक. येनला दशांश नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत. पण चलन बघून दशांश ठरवणारा नियम स्कीमा १.० मध्ये लिहिता येत नाही. २०१२ च्या १.१ आवृत्तीत त्यासाठी ‘असर्ट’ आलं, तरी तुझ्या फाइल १.० च्याच धर्तीच्या आहेत. अशा तपासण्या प्रोग्रॅममध्येच कराव्या लागतील. स्कीमाने संदेश पास केला म्हणजे व्यवहार बरोबर आहे, असं कधीही धरून चालू नकोस.

या रविवारी पॅक्स.००८ या संदेशाची स्कीमा उघड. आयएसओ २००२२ च्या संकेतस्थळावर ती मोफत मिळते. पैसे देणाऱ्याच्या खात्यापासून सुरुवात कर आणि एकेका कॉम्प्लेक्स टाइपमधून आत उतरत जा, थेट ३४ अक्षरांच्या सिंपल टाइपपर्यंत. मग तोच प्रवास पत्त्यासाठी कर. दोन्ही वाटा वहीत काढून मला पाठव.

तुझी,
मावशी