काडी मागण्याआधी झाड बघा

जास्वंद, तगर, एक्झोरा ही झुडपं पावसाळ्यात काडीवरून सहज लागतात. त्यामुळे ओळखीच्या अंगणातून फांदी मागून आणायची पद्धत घरोघरी आहे. आमच्या गच्चीवर पिठ्या ढेकूण आला तो अशाच मागून आणलेल्या जास्वंदीच्या काडीवरून. मूळ झाड फुलांनी लगडलेलं होतं, काडीही तजेलदार होती. पानाच्या बेचक्यात कापसासारखा एक पांढरा ठिपका तेवढा होता. गणपती येईपर्यंत शेजारच्या कुंड्यांतले शेंडे आखडले, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या, पानं चिकट झाली आणि त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग लागली. मुंग्या या किडीची राखण करतात, पिल्लं दुसऱ्या झाडावरही नेतात. अंगावरच्या मेणामुळे नुसत्या पाण्याने कीड मरत नाही. साबणाचं पाणी आणि निंबोळी तेल आलटून पालटून फवारलं, तरी बरेच शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकावे लागले.

म्हणून फुलांवर भाळू नका. पानं उलटी करून बघा, बेचके बघा, खोडावर मुंग्या चढताहेत का ते बघा. कीड निदान दिसते तरी. विषाणू पानांवर लक्षणं येईपर्यंत कळत नाही. काडी हा त्याच झाडाचा तुकडा असल्याने मूळ झाडातला विषाणू नव्या रोपातही उतरतो आणि त्यावर औषध नाही. पानांवर पिवळी जाळी असेल तर ते झाड सोडून द्या.

फांदी पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून, अशी घ्या. पाच-सहा इंचांची काडी डोळ्याच्या खाली कापा, वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी करा, कळ्या खुडा. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं पुरे. शेणखत आत्ताच घातलं तर काडी कुजते. कुंडी सावलीत ठेवा. पालवी फुटली म्हणजे मुळं आली असं नव्हे. साठवलेल्या अन्नावरही पानं फुटतात, तेव्हा उपटून बघू नका.

आणलेली काडी लावण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि महिनाभर इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. आणि काडी देणाऱ्यांना एक विनंती: झाडाला कीड लागली असेल, तर त्या वर्षी मागणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.