पोरगा नौदलात जातो म्हणतोय

जयलक्ष्मीपुरममध्ये महाजन कॉलेजजवळच्या एका मराठी घरी परवा गेलो होतो. टेबलावर कोडबळ्यांची बशी, शेजारी सीईटीच्या जाडजूड गाइडांची चळत. पोराला मात्र एनडीए द्यायचीय. आई म्हणाली, "मैसुरात समुद्र नाही, याला पोहता येत नाही. आणि उद्या युद्ध झालं तर?"

पोहायला तिथे शिकवतात, काकू. युद्धाचं मात्र सविस्तर सांगावं लागलं.

कॅप्टन मोहन नारायण राव सामंत हे पाणबुडीवाले. १९६९ साली 'करंज' नौदलात आली तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच. १९७१च्या युद्धात मात्र त्यांच्या वाट्याला आल्या बंगालच्या नद्या. कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या बोटींवर बोफोर्स तोफा चढवून 'पद्मा' आणि 'पलाश' उभ्या केल्या होत्या. सोबतीला नौदलाची 'पनवेल'. (नाव ऐकून पोरगा हसला, आजोळ तिकडचं.) १० डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच विमानांनी चुकून हल्ला केला. पद्मा, पलाश गेल्या. पनवेल वाचली आणि खुलन्यात लढली. सामंतांना महावीर चक्र मिळालं.

आई गप्प झाली. मी मुद्दाम चकचकीत गोष्ट सांगितली नव्हती. पाणबुडीच्या माणसाला ऐनवेळी उथळ नदीत तोफेची बोट चालवावी लागते. हे काम असंच असतं. एरवी वर्षानुवर्षं वॉच, दुरुस्ती, सराव आणि पुन्हा परीक्षा. नुसत्या पांढऱ्या गणवेशासाठी जाणारा पोरगा तिथे कंटाळतो, असं माझं मत.

आता कामाचं. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. २०२२पासून मुलीही दाखल होतात. नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं. लेखी ९०० गुणांची, एसएसबीची मुलाखतही ९०० गुणांची, म्हणून नुसती गाइडं घोकून भागत नाही. दुसरी वाट १०+२ बी.टेक. एन्ट्रीची: जेईई मेनची रँक, या तीन विषयांत मिळून ७० टक्के, दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५०. निवड झाली की एळिमलाच्या नौदल अकादमीत चार वर्षं, शिक्षणाचा खर्च सरकारचा. फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घ्या, विशेषतः रंग नीट ओळखता येतात का ते. बरीच हुशार मुलं ऐन मेडिकलला अडकतात.

"एळिमला कुठे आलं?" आईने विचारलं.

"केरळात, कण्णूरच्या पुढे. विराजपेटचा घाट उतरायचा."

"म्हणजे पुण्यापेक्षा जवळच की," म्हणत तिने बशी माझ्याकडे सरकवली.