भात तयार, वाढपी एक

तीस वर्षं मी एकाच जातीच्या भांड्यांभोवती फिरलो. आत द्रव, द्रवात तरंगणारी कॅटॅलिस्टची काळी पूड आणि त्यात दाबाखाली सोडलेला वायू. रिॲक्टर म्हटलं की वर्तमानपत्रं ‘अणुभट्टी’ लिहून मोकळी होतात, त्यामुळे माझ्या सासुरवाडीत कित्येक वर्षं माझ्याबद्दल भलताच आदर होता. प्रत्यक्षात मी नायट्रो संयुगांना हायड्रोजन पाजून त्यांची अमाइन्स करत होतो. त्यातून जे पदरात पडलं, ते असं.

1. कॅटॅलिस्ट वाढवण्याआधी वाढपी मोजा.

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत माझी पहिली मोठी फजिती झाली. प्रयोगशाळेत 1 लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये अडीच तासांत संपणारी बॅच 5000 लिटरच्या भांड्यात 14 तास रेंगाळत होती. शेठ म्हणाले, ‘‘कॅटॅलिस्ट दुप्पट टाका.’’ पॅलेडियमचा भाव माहीत असूनही म्हणाले, यावरून त्यांची तगमग समजावी. टाकलं. बॅच 13 तासांवर आली.

हायड्रोजनला आधी बुडबुड्यातून निघून मेथॅनॉलमध्ये विरघळावं लागतं, मग द्रवातून कणापर्यंत, मग कणाच्या छिद्रांतून आत, आणि तेव्हा कुठे खरी प्रतिक्रिया. पंगतीत आचारी चार असले आणि वाढपी एकच असला, तर पाचवा आचारी बोलावून पानावर भात लवकर पडत नाही. आमचा वाढपी म्हणजे वायू-द्रवाची सीमा.

किती वेळ कोणामुळे जातो, हे काढायची एक जुनी रीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रामचंद्रन आणि चौधरी यांचं या तीन प्रावस्थांच्या भट्ट्यांवरचं पुस्तक 1983 सालचं. ही रीत मी त्यातून उचलली. लागणारा वेळ एका बाजूला, कॅटॅलिस्टच्या वजनाचा व्यस्तांक दुसऱ्या बाजूला, आणि मधून सरळ रेघ. आमच्याकडे तर आलेख कागदाचीही गरज नव्हती. दुप्पट कॅटॅलिस्टने 1 तास वाचला, म्हणजे 14 पैकी कॅटॅलिस्टच्या वाट्याचे फक्त 2. उरलेले 12 तास पोतंभर पॅलेडियम ओतलं तरी जाणारच होते. दुप्पट टाकण्याआधी हे गणित मी थोडासाच कॅटॅलिस्ट वाढवून केलं असतं, तर शेठचे पैसे आणि माझी झोप दोन्ही वाचलं असतं.

2. मॉडेल मांडायच्या आधी रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोला.

आमचे एक मामा होते, चौथीपर्यंत शिकलेले. पान्याचं एक टोक भांड्याला आणि दुसरं कानाला लावून उभे राहायचे. मी आठवडाभर समीकरणं सोडवत होतो. एका रात्री ते म्हणाले, ‘‘साहेब, पूर्वी हा घरघरायचा. आता नुसता ढवळतो.’’

त्या रिॲक्टरचा शाफ्ट पोकळ होता. ॲजिटेटर पुरेसा वेगात फिरला की पात्यांपाशी दाब कमी होतो आणि द्रवाच्या वर साठलेला हायड्रोजन शाफ्टमधून खाली खेचला जाऊन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. मामांची घरघर ती हीच. पण त्या ओढीला पात्यांवरच्या द्रवाच्या उंचीशी झुंजावं लागतं, आणि ओढ सुरू व्हायला लागणारा वेग त्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो.

जुनी लॉगशीटं काढली. सहा महिन्यांपूर्वी हाच रिॲक्टर 9 तासांत बॅच देत होता. मग उत्पादन वाढवायचं म्हणून कोणीतरी बॅच 10 टक्क्यांनी मोठी केली होती. 10 टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. पण द्रवाची पातळी 1.8 मीटरवरून 18 सेंटिमीटर वर गेली आणि पात्यांवरचा द्रव 60 सेंटिमीटरचा 78 झाला, म्हणजे 30 टक्के जास्त. लागणारा वेग साधारण 110 फेऱ्यांवरून 125 वर गेला. गिअरबॉक्स मिनिटाला 120 वर बांधलेला. घरघर बंद. एवढं साधं.

बॅच पुन्हा लहान केली. 9 तास. ‘‘कमी माल भरून जास्त माल कसा निघतो?’’ हा शेठचा प्रश्न मला आजही आवडतो.

3. एक गाठ सुटली की खालची गाठ दिसते.

प्रयोगशाळेतले अडीच तास कुठे आणि आमचे 9 कुठे? लॉगशीट पुन्हा पाहिलं, तर मामा पहिल्या तासातच हायड्रोजनचा व्हॉल्व्ह आवळत होते, कारण तापमान चढत होतं.

आता हिशेब जेवणाच्या कूपनच्या मागे केला. एक मोल नायट्रोगटाचं अमाइन होताना 3 मोल हायड्रोजन लागतो आणि सुमारे 550 किलोज्यूल उष्णता सुटते. बॅचमध्ये 6 किलोमोल, म्हणजे 33 लाख किलोज्यूल. जॅकेटचं क्षेत्रफळ 10 चौरस मीटर. 40 अंशांच्या फरकाने ते फार तर 120 किलोवॅट उष्णता ओढणार. भागाकार करा, साडेसात तासांच्या आत बॅच संपूच शकत नाही.

1 लिटरच्या भांड्याला हे दुखणं नसतं. आकारमान 5000 पट केलं की लांबी-रुंदी 17 पट होते, आणि दर लिटरमागे थंड करायला मिळणारी भिंत 17 पटींनी कमी. पुढच्या शटडाउनला आत कॉइल बसवली, तेव्हा बॅच 5 तासांवर आली. अडीचवर कधीच आली नाही, आणि मी तो नाद सोडला.

4. संथ बॅच म्हणजे सुरक्षित बॅच, हे डोक्यातून काढा.

कॅटॅलिस्टला हायड्रोजनविना उपाशी ठेवलं की नायट्रोगटाचं अमाइन व्हायच्या वाटेवर हायड्रॉक्सिलअमाइन साचत जातं. हे अर्धवट पोर फार तापट. जास्त तापलं की स्वतःच विघटन पावून आणखी उष्णता देतं. त्याच्या संयोगातून ॲझॉक्सी-ॲझो रंगही तयार होतात. नमुना लालसर येऊ लागला की ‘शुद्धीकरणात बघू’ म्हणायचं नसतं, हायड्रोजन कुठे अडलाय ते बघायचं असतं. आम्ही 14 तासांच्या त्या दिवसांत लाल माल काढत होतो आणि दोष सॉल्व्हंटला देत होतो.

5. गाळलेला कॅटॅलिस्ट ओला ठेवा.

यावर जास्त लिहायचं नाही. वाळला की हवेत पेटतो. मी पाहिलंय.

6. पाण्यावर काढलेली सूत्रं मेथॅनॉलला लावताना दहादा विचार करा.

विद्यार्थी असताना एकदा 15 सेंटिमीटर व्यासाच्या, दोन मीटर उंच काचेच्या नळीत खालून हवा सोडून बसलो होतो. नळाचं पाणी, त्यातून बोराएवढे बुडबुडे गडबडत वर जाणारे. सरांनी अर्धा किलो मीठ आणायला सांगितलं. ते विरघळलं तसं नळीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. हवा तेवढीच, पण बुडबुडे मोहरीएवढे झाले, एकमेकांत मिसळेनात आणि नळीतली पातळी वर चढली. क्षारामुळे बुडबुडे जुळेनासे होतात. फुटणारी समुद्राची लाट नदीच्या खळाळापेक्षा दाट पांढरी का दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. (त्यानंतर गणपतीपुळ्याला गेलो, तर मी देवळापेक्षा लाटांकडेच जास्त वेळ बघत होतो, अशी घरी तक्रार आहे.)

द्रव जरासा बदलला की बुडबुडेही बदलतात. म्हणूनच माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायनतंत्रज्ञानाच्या संस्थेत प्रा. एम. एम. शर्मांच्या परंपरेत बुडबुड्यांचं क्षेत्रफळ रसायनाने मोजण्यावर एवढा भर होता: दर माहीत असलेली प्रतिक्रिया भांड्यात घडवायची आणि वायू किती शोषला गेला त्यावरून सीमा किती आहे ते काढायचं. केंब्रिजच्या डँकवर्ट्स यांच्याबरोबर शर्मांनी या पद्धतींवर 1970 मध्ये लिहिलं होतं.

7. रंगीत चित्राला विचारा, बुडबुडा किती मिलिमीटरचा धरलास?

उतारवयात मीही संगणकावर प्रवाहाची चित्रं काढली. लाल-निळे भोवरे पाहून मंडळी खूश व्हायची. पण त्यात बुडबुड्याचा व्यास 4 मिलिमीटर हा मी स्वतः टंकलेला आकडा होता, अंदाजाने. वायूचा वाटा तोच ठेवून व्यास 2 केला की क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि बॅचची वेळ बदलते. एका सादरीकरणात हे एका तरुण मुलीने विचारलं. मला घाम फुटला, आणि तिला आमच्याकडे घ्यावं असंही वाटलं. घेतलं.

8. मॉडेलमधलं शेवटी काय उरतं, ते.

माझी सारी समीकरणं कधीच कपाटात गेली. कारखान्यात उरली ती एकच खूण: मेथॅनॉलच्या मोजमाप टाकीच्या लेव्हल ग्लासवर मामांनी ऑइलपेंटने मारलेली लाल रेघ. तिच्यावर भरायचं नाही. निवृत्तीनंतर एकदा सहज गेलो, तर नवा ऑपरेटर भरता भरता थांबला. ‘‘ही रेघ कसली?’’ मी विचारलं.

‘‘माहीत नाय साहेब. पण हिच्यावर गेलं की हा घरघरत नाय.’’