वाट किती किलोमीटरची, हे नंतर विचारा

सह्याद्रीत अंतर फसवं असतं. विचारायची ती पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची. ती कळली की शाळेतली दोन सूत्रं पुरतात: कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची आणि शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ.

सिंहगड घ्या. आतकरवाडीतून चढ सुमारे 600 मीटर. तुम्ही 65 किलो, सॅक 10 किलो. 75 × 9.8 × 600 = 4,41,000 ज्यूल. तासाभरात चढलात तर भागिले 3600, म्हणजे 122.5 वॅट. अश्वशक्ती 746 वॅटची, तेव्हा घोड्याचा सहावा हिस्सा आपल्यात आहे म्हणायचा! या कार्याच्या किलोकॅलरी जेमतेम 105 होतात. पण खर्चलेल्या ऊर्जेचा पाव-पंचमांशच स्नायू चढण्याच्या कामी लावतात, बाकीची उष्णता होते आणि घामटा काढते. खरा खर्च 420 ते 525. गडावरच्या पिठलं-भाकरीचा आणि दह्याचा हिशेब त्यामुळे कुणी मागू नये.

हा वॅटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. ओळखीच्या गडावर भरल्या सॅकनिशी घड्याळ लावून चढा आणि तो काढून ठेवा. मग नवा डोंगर ठरवताना उलटं गणित करायचं. कळसूबाई 1646 मीटर, बारी गावातून चढ साधारण 850 मीटर. कार्य 6,24,750 ज्यूल. भागिले 122.5 केलं की 5100 सेकंद, म्हणजे 85 मिनिटं. मी तिथे दोन तास धरीन. दम सरत जातो, पाण्याला थांबावं लागतं आणि रविवारी शिड्यांपाशी रांग लागते ती वेगळीच.

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये दिलेला ठोकताळाही जवळपास हेच सांगतो: दर 600 मीटर चढाला एक तास, शिवाय दर 5 किलोमीटर चालीला एक तास.

छातीवरचा चढ असो की नागमोडी वाट, गुरुत्वाविरुद्धचं कार्य तेवढंच. नागमोडी वाटेला वेळ जास्त लागतो, म्हणून शक्ती कमी लागते. वयस्कर मंडळी सोबत असतील तर तीच धरा. राजगड-तोरण्यासारख्या धारेवर मात्र नुसती दोन टोकांची उंची वजा करून चालत नाही, मधला प्रत्येक चढ बेरजेत घ्यावा लागतो.

उतरायला हे गणित लावू नका. तिथे कार्य गुरुत्वाकर्षण करतं आणि धक्के गुडघे सोसतात. शेवाळलेल्या कातळावर उतरायला चढण्याइतकाच वेळ ठेवा आणि माथा त्या बेताने सोडा.