बुरुडाची कंबर

चंद्रपूर व गडचिरोली ह्या रानांच्या जिल्ह्यांत ज्याच्या घरी बांबूचे सूप किंवा टोपली नाही असा शेतकरी विरळा. परंतु त्या विणणारा आपला बुरूड बंधु चाळिशी उलटते न उलटते तोच कमरेवर हात ठेवून उठू लागतो, ह्याचा विचार आपण करीत नाही. “धंद्याचे दुखणे, ते धंद्याबरोबरच जाणार,” असे तो म्हणतो व आपणही मान डोलवितो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

त्याचे काम कसे चालते ते पाहा. तो जमिनीवर उकिडवा बसतो, बांबू पायाने दाबून धरितो, कोयत्याने फोडून कामट्या काढितो, आणि मग पुढे वाकून तासन्‌तास विणतो. पाठीच्या मणक्यांमध्ये ज्या चकत्या असतात त्यांचे पोषण शरीराच्या हालचालीने होते. एकाच ठेवणीत वाकून राहिल्याने त्या दबतात, स्नायु शिणतात, गुडघेही झिजतात. कोयता बोथट असेल तर मनगटावर जोर पडतो. रात्री अंगठा व शेजारची बोटे बधिर होतात ती बहुधा मनगटातील शीर दबल्यामुळे.

ह्यास उपाय खर्चाचे नाहीत. विणताना उकिडवे न बसता एखाद्या पिढ्यावर बसावे आणि काम उंच ठेवावे, म्हणजे पाठ कमी वाकते. बांबू फोडणे उभ्याने, लाकडाच्या बेचक्यात टेकवून करावे. कोयत्यास रोज धार लावावी. मूठ बारीक असल्यास चिंधी गुंडाळून जाड करावी. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. सारा दिवस फोडणे व दुसरा सारा दिवस विणणे असे न करिता दोन्ही कामे आलटून पालटून करावी. बांबूची मोळी दोघांनी उचलावी. विणकामाबरोबर पाणी व सरपणही ज्या बायांच्या माथी येते, त्यांची पाठ तर दुप्पट शिणते. घरच्या पुरुषांनी हे मनावर घ्यावे.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याचे आणखी एक आहे. अशा दुखण्यात मज्जातंतूच अति हळवे होतात. म्हणून दुखले की काही नवे मोडलेच असे नव्हे. आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळून राहिल्याने अंग अधिकच आखडते. शेक घ्यावा, थोडे चालावे, व रोज थोडे अधिक. दुकानातील दुखण्याची गोळी महिनोन्‌महिने गिळू नये. तिने पोटात व्रण पडतात व मूत्रपिंडे बिघडतात. कशाचे ते ठाऊक नसलेले इंजेक्शन तर मुळीच घेऊ नये.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिने खेड्यांतील पाठदुखीकडे विशेष लक्ष दिले असून मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांचे स्पाइन फाउंडेशन ह्या कामी तिच्याबरोबर आहे. तेव्हा हे क्षुल्लक दुखणे नव्हे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र उपाय करीत घरी बसू नये: पायातील बळ जाणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे. अशा रोग्यास त्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. पाठदुखीबरोबर ताप येत असेल व वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी; क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.