स्लॅबच्या आधीचा कागद

बाबू, धनजमध्ये तू पहिलं घर अंगावर घेतलंस, ऐकून बरं वाटलं. आता दोन गोष्टी कानात घालून ठेव. ओळंबा, गुण्या आणि लेव्हलची नळी तुझ्याजवळ आहेच, त्यांच्या बरोबरीनं खिशात वही ठेव. पुष्कळ मिस्त्री सांगतात, सगळं डोक्यात आहे. असेलही. पण स्लॅबच्या सकाळी मिक्सर सुरू झाला आणि चारही बाजूंनी माणसं विचारायला लागली, की डोक्यातलं किती उरतं ते मी पाहिलंय.

सामानाची चिठ्ठी कोणीही करतो, ती कारंज्याचा दुकानदारही लिहून देईल. तू पहिली यादी झाकल्या जाणाऱ्या गोष्टींची कर. रंग पसंत पडला नाही तर पुन्हा मारता येतो. पाया बुजला, स्लॅब पडला, प्लास्टर चढलं की आतलं पुन्हा दिसत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत गेलाच पाहिजे. ‘मुरूम लागला’ ही ओळ प्रत्येक खड्ड्याची वेगळी लिही आणि स्वतः खाली उतरून पाहिल्याशिवाय तिच्यापुढे खूण करू नको. एका कोपऱ्यात जुनं पेव किंवा बुजवलेली विहीर निघते, बाकीचे खड्डे कितीही चांगले असोत.

स्लॅबची यादी आदल्या दिवशी दुपारी हातात घे. रात्री दिव्यात पाहून उपयोग नाही. बल्ल्या उघड्या मातीवर आहेत की फळीवर? सळयांखाली कव्हर ब्लॉक आहेत का? बीमवरच्या जादा सळया माणसांच्या पायांनी खाली दबल्या का? पंख्याचे डबे मोज, खोल्या मोज, दोन्ही आकडे जुळव. एक डबा राहिला तर नंतर छिन्नी-हातोड्यानं नवा स्लॅब फोडावा लागतो आणि त्या खोलीत आयुष्यभर डाग दिसतो. मिक्सरचं डिझेल, व्हायब्रेटर, झाकायची ताडपत्री, सगळं लिही.

सामानाचा हिशेबही आधीच मांड. ५०० चौरस फूट, ५ इंच जाड स्लॅब म्हणजे सुमारे २०८ घनफूट काँक्रीट. एकास दीड, तीन या प्रमाणानं साधारण ४७ पोती सिमेंट, पाऊण ते एक ब्रास रेती आणि पावणेदोन ब्रास गिट्टी लागते. बीम वेगळे. पोती कमी पडून काम दुपारी थांबलं तर स्लॅबला सांधा पडतो, पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपतं.

आणखी एक यादी लोक करतच नाहीत : कोणी कोणाशी बोलायचं याची. वायरमननं सळईवाल्याला विचारलं का? नळाचं काम करणाऱ्यानं सेंट्रिंगवाल्याला पाइपची जागा दाखवली का? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडशी नातं असलेले अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी यादीवर पुस्तकच लिहिलंय. ऑपरेशन थिएटरसाठी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेबरोबर १९ ओळींची यादी २००८ मध्ये आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती; त्या सगळ्या रुग्णालयांत मिळून ऑपरेशननंतरच्या मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. यादीचा विचार करताना ते बॉस्टनमध्ये एका बांधकामावरही गेले होते. तिथे भिंतीवर दोन कागद होते. एकात कामं, दुसऱ्यात कोणत्या तारखेपर्यंत कोणी कोणाशी बोलून घ्यायचं. आपल्या धंद्यातली रीत डॉक्टर शिकून गेले, मग आपणच ती का सोडावी?

तारखा लिहिताना शेत विसरू नको. मृगाच्या पेरणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीत मजूर मिळत नाही, पोळ्याला आणि करीला तर कामाचं नावच काढू नको. स्लॅबची तारीख आधी धर आणि तिथून मागे मोजत ये.

स्लॅब पडला त्याच दिवशी भिंतीवर खडूनं तारीख टाक. गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालच्या बल्ल्या ७ दिवस, मोठा असेल तर १४. बीमखालच्या सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. हे भारतीय मानकातले आकडे आहेत, मालक घाई करतो म्हणून कमी करायचे नाहीत. पीपीसी सिमेंट आणि आपलं ऊन धरून पाणी किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस मारायचं. पाणी मारणाऱ्याचं नाव यादीत हवंच. ‘कोणीतरी मारेल’ म्हटलं की कोणीच मारत नाही.

घरकुल असेल तर फोटोचीही ओळ ठेव. टप्प्याचा फोटो चढला नाही तर हप्ता अडतो आणि शनिवारी मजुरांसमोर रिकाम्या हातानं उभं राहावं लागतं.

खूण करताना त्या माणसाचं नाव आणि तारीख लिही, म्हणजे विचारायचं कोणाला हे कळतं. वहीची पानं फाडू नको. घर ताब्यात देताना तिची झेरॉक्स मालकाला दे. पाइप कुठून गेले, पाया किती खोल आहे, हे पुढे मजला चढवताना त्याच्या मुलांना लागणार आहे.